अर्धशिशी: रोजची गोळीच डोकेदुखी वाढवते तेव्हा

हिंगोली जिल्ह्यात हळद काढणीचा हंगाम म्हणजे भर उन्हातली कामे, अवेळी जेवण आणि अपुरी झोप. त्यातच महाशिवरात्रीचा उपवास येतो. अर्धशिशीच्या रुग्णांना हे सारे भोवते. डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड नि आवाज नकोसा होतो. उलटी झाल्यावर बरे वाटते, म्हणून घरोघरी ‘पित्त चढले’ असे निदान होते. प्रत्यक्षात हा मेंदूचा आजार आहे. उलटी हे त्याचे लक्षण आहे, कारण नव्हे.

उपचाराचे दोन भाग आहेत. पहिला, चालू दुखणे थांबवण्याचा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन दुखणे सुरू होताच योग्य मात्रेत घेतले तर उपयोग होतो. मूत्रपिंडाचा आजार वा पोटात अल्सर असेल तर शेवटची दोन टाळावीत. यांनी भागले नाही, तर डॉक्टर सुमाट्रिप्टानसारखे औषध देतात. हृदयविकार, पक्षाघात किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना ते चालत नाही.

मात्र साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 दिवस, आणि मिश्र गोळ्या वा सुमाट्रिप्टान 10 दिवस किंवा अधिक, असे काही महिने चालले तर गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते. दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणे, असे हे चक्र आहे. आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल तर डॉक्टरांना भेटावे.

दुसरा भाग प्रतिबंधाचा. महिन्यात चार किंवा अधिक दिवस दुखत असेल तर रोज घेण्याचे औषध सुरू करतात. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णांना देत नाहीत. अमिट्रिप्टिलीनने झोप येते, म्हणून ते रात्री देतात. टोपिरामेट गर्भवतींसाठी सुरक्षित नाही. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून औषध सोडू नये. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले, तरी उपचार यशस्वी समजावा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखल्याची आणि गोळी घेतल्याची खूण करावी, तपासणीला जाताना ते पान सोबत न्यावे. वेळेवर जेवण, पाणी आणि झोप हेही औषधच आहे.

अचानक असह्य डोकेदुखी, ताप व मान आखडणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी याला अर्धशिशी समजू नये. थेट रुग्णालय गाठावे.