मोरीतून बाथरूम: चार बाय सातची जादू

मुंबईत शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, अंघोळ-धुणं कोपऱ्यातल्या मोरीत आणि संडास बाहेर सामायिक. त्या मोरीवर मात्र फळ्या आणि खुंट्या छतापर्यंत चढलेल्या असत. आजच्या चार बाय सात फुटांच्या बाथरूमलाही हाच हिशेब लागू पडतो: फरशी वाढत नाही, भिंत वापरायची.

सुरुवात दरवाजापासून करा. आत उघडणारं दार जवळजवळ दोन फूट जागा खातं. ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं केलं की बाथरूम लगेच मोकळं वाटतं.

मला सर्वात आवडतो तो बदल भिंतीवर टांगलेल्या कमोडचा. टाकी भिंतीलगतच्या बुटक्या कट्ट्यात लपते आणि कट्ट्याचा माथा शाम्पू, टॉवेलसाठी आयता मिळतो. खाली फरशी मोकळी, झाडू सरळ फिरतो. मात्र वजन अर्ध्या विटेच्या भिंतीवर टाकू नका, लोखंडी फ्रेम हवीच. टाकीच्या दुरुस्तीसाठी फ्लशच्या बटणाची पट्टी सहज निघेल अशी ठेवा.

आरशामागे चार-पाच इंच खोल कपाट, दाराच्या वरच्या भिंतीवर आडवा गीझर. तो काढता येईल एवढी जागा सोडा.

आणि टाइल्सआधी वॉटरप्रूफिंग! नहाणी ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी साठवा आणि खालच्या शेजाऱ्यांचं छत स्वतः जाऊन बघा. ओल दिसली तर टाइल्सवाल्याला थांबवा.