अंगठा उठविण्यापूर्वी

अकोला-पूर्णा लोहमार्गावर, वाशीम जिल्ह्यात, जऊळका हे गाव आहे. भारूड म्हणणारा किंवा गोंधळ घालणारा एखादा कलावंत अशा गावी असावयाचाच. समजा, शहरातील कोणी गृहस्थ त्याजकडे आला, त्याचे गाणे यंत्रावर मुद्रित करून घेतले, हातावर पाचशे रुपये ठेवले आणि एका छापील कागदावर अंगठा घेतला. त्या कागदात काय आहे, हे समजावून सांगणारे त्या वेळी जवळ कोणी नसते. कलावंताचे खरे नुकसान होते ते ह्याच घटकेस, असे आम्हांस वाटते.

गुणाची चहा होऊनही पदरी दारिद्र्य यावे, हे दुःख नवे नव्हे. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव ह्या नावाने साऱ्या महाराष्ट्रात गाजले; परंतु १९४५ साली त्यांचा अंत झाला तो विपन्नावस्थेत.

आज कायदा कलावंताचा कैवार पुष्कळच घेतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन, कला सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क मान्य झाला. मौज अशी की, ह्या व्याख्येत गायक-वादकांच्या पंक्तीस डोंबारी, जादूगार, गारुडी, इतकेच नव्हे तर व्याख्यान देणाराही बसविला आहे! नाथांचे भारूड सर्वांचे खरे; पण ते ज्या कंठातून निघाले त्या गायनावर गायकाचा हक्क ५० वर्षे राहतो. रचना स्वतःची असेल, तर हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे. हा हक्क सहीच्या लेखावाचून दुसऱ्याकडे जात नाही. आणि लेखात मुदत नमूद नसेल, तर ती पाचच वर्षांची धरली जाते. मात्र हे सारे त्या गोंधळ्यास सांगावे कोणी?

न्यूयॉर्क शहरी १९६९ साली काही वकिलांनी कलावंतांस विनामूल्य साहाय्य देणारी संस्थाच काढली. आपल्याकडे कलावंतांचा असा निराळा वर्ग कायद्याने केलेला नाही. तरी दार बंद आहे असे मुळीच नाही. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्यान्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे लोक ह्यांस मोफत वकील मिळतो. पैकी स्त्रियांस उत्पन्नाची अट नाही. शिवाय ह्या साहाय्यात नुसता सल्लाही येतो. त्यासाठी आधी दावा लावावा लागत नाही. जऊळक्याच्या माणसाने वाशीमच्या जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावे, अथवा १५१०० ह्या क्रमांकावर विचारावे. स्वेच्छेने फुकट काम करणाऱ्या वकिलांसाठी सरकारने २०१७ साली 'न्याय बंधू' ही योजनाही काढली आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. आम्हांसही ते मान्य आहे. परंतु ती पायरी चढावी लागू नये म्हणूनच अंगठा उठविण्यापूर्वी वकिलास विचारावे. दावा वर्षानुवर्षे चालतो. कागद वाचून पाहण्यास अर्धा तास पुरतो.

आमच्या वाचकांच्या घरी कोणी काका, कोणी दादा, क्वचित एखादी वहिनीही वकिली करीत असेल. त्यांस आमची विनंती एवढीच की, महिन्यातील एक रविवार आपल्या गावच्या कलावंतांसाठी राखावा. ज्यांचा गोंधळ आपल्या घरच्या लग्नकार्यात झाला, ज्यांची भारुडे ऐकत आपली मुले वाढली, त्यांच्या कागदावरून एकदा नजर फिरविणे हे उपकार नव्हेत. ती ऋणाची अल्पशी फेड होय.