हबसाण : एका प्रदेशनामाचा घाटावरील मागोवा

कोकणातील जंजिरा संस्थानास 'हबसाण' असे दुसरे नाव होते. अरबीत 'हबश' म्हणजे अबिसीनिया, आणि तेथील तो हबशी. 'हबसाण' म्हणजे अर्थात हबशांचा मुलूख. मात्र उत्तरेस कुंडलिका, दक्षिणेस बाणकोटची खाडी आणि मधोमध राजपुरीची खाडी अशा या मुलखातील रयत बहुतांशी मराठी बोलणारीच होती. आफ्रिकी होते ते राजघराणे. १९०१ साली ३२४ चौरस मैलांच्या या संस्थानाची लोकसंख्या ८५,४१४ भरली होती. 'जंजिरा' हा शब्दही अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरून आला. मराठी कागदपत्रांत मात्र तो कोणत्याही जलदुर्गास लावलेला आढळतो. साखळीवाचक 'जंजीर' शब्दाशी त्याचा संबंध जोडणे केवळ ध्वनिसाम्यावर विसंबणे होय.

नावावरून हे राज्य आफ्रिकेतून थेट समुद्रमार्गे येऊन वसलेली वसाहत असावी असा समज होतो. तो बरोबर नाही. सिद्दींची सत्ता वाढली ती निजामशाहीच्या आश्रयाने, आणि त्या दरबारातील हबशांचे महत्त्व समजण्यास घाटावर, भीमेच्या खोऱ्यात यावे लागते. गुलाम म्हणून दख्खनेत आलेला मलिक अंबर १६२६ साली मरेपर्यंत निजामशाहीचा सूत्रधार होता. त्याच शाहीच्या चाकरीत मालोजी भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांचे पुत्र शहाजी १६२४ साली भातवडीस अंबराच्या बाजूने लढले. पुणे, सुपे व इंदापूर ही भोसल्यांची जहागीर याच काळातील होय. पैकी सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. हबशी सरदार आणि मराठे सरदार हे प्रथम एकाच धन्याचे चाकर होते, ही गोष्ट पुढील वैराच्या वर्णनांत सहसा विसरली जाते.

१६३६ साली निजामशाही बुडाली, आणि मग सिद्दींनी प्रथम विजापूरचा व पुढे मोगलांचा आश्रय केला. हबसाणातील श्रीवर्धनचे देशमुख बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळे घाटावर आले व १७१३ साली पेशवे झाले. त्यांची कन्या भिऊबाई बारामतीच्या नाईक जोशी घराण्यात दिली होती. तिचे दीर बाबूजी नाईक यांच्याच आश्रयाने मोरोपंतांची काव्यरचना बारामतीस झाली.

१९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यात गेले. १९८१ पासून तो जिल्हा रायगड म्हणवतो. 'जंजिरा' हे नाव किल्ल्यापुरते उरले. 'हबसाण' मात्र आता जुन्या कागदांतच सापडते.