प्रसूतीची संक्रमणावस्था

प्रसूती ही एक अखंड क्रिया असली, तरी अभ्यासाच्या सोयीसाठी वैद्यकशास्त्राने तिच्या तीन अवस्था मानल्या आहेत. पहिल्या अवस्थेत गर्भाशयमुख उघडते, दुसरीत मूल जन्मास येते आणि तिसरीत वार पडते. पहिली अवस्था संपत येते आणि दुसरी सुरू व्हायची असते, त्या सुमारास येणाऱ्या अल्प परंतु अत्यंत तीव्र काळास संक्रमणावस्था असे म्हणतात. बाळंतिणीला हाच काळ सर्वांत दुःसह वाटतो आणि भोवतालची माणसेही याच वेळी गोंधळून जातात. त्याचे स्वरूप आधीपासून ठाऊक असेल, तर अनेक चुका टळू शकतात.

गर्भाशयमुखाला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. नऊ महिने त्याने घट्ट मिटून राहावयाचे असते आणि प्रसूतीच्या वेळी मुलाचे डोके बाहेर पडेल इतके, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, उघडावयाचे असते. पहिल्या कामात ते दुबळे ठरले, तर अकाली गर्भपात होतो. अशा गर्भाशयमुखास टाका घालून आधार देण्याची शस्त्रक्रिया गोव्यात जन्मलेले मुंबईचे शल्यविशारद डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली व ती त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते. दुसऱ्या कामाचा शेवटचा टप्पा, सुमारे ८ पासून १० सेंटिमीटरपर्यंतचा, म्हणजेच संक्रमणावस्था होय.

या वेळी कळा दर दोन-तीन मिनिटांनी येतात व एकेक कळ साठ ते नव्वद सेकंद टिकते. दोन कळांमधील विसावा जवळजवळ नाहीसा होतो. मुलाचे डोके खाली सरकल्यामुळे गुदद्वारावर दाब येतो आणि शौचास झाल्यासारखे वाटते. हातपाय थरथरतात, मळमळते, उलटी होते. घटकेत घाम फुटतो, तर घटकेत हुडहुडी भरते. इतका वेळ धीराने वागणारी स्त्री एकाएकी चिडते, रडते, ‘आता माझ्याच्याने होणार नाही’ असे म्हणते. घरच्यांना वाटते की, काहीतरी बिघडले. वास्तविक, इतर सर्व ठीक असेल तर ही लक्षणे प्रसूती जवळ आल्याची होत. हा काळ काही मिनिटांपासून एक-दोन तासांपर्यंत असू शकतो. पूर्वी बाळंतपण झालेल्या स्त्रीत तो बहुधा लवकर सरतो.

येथे दोन चुका संभवतात. पहिली, गर्भाशयमुख पूर्ण उघडण्यापूर्वीच बाईला जोर करावयास लावणे. त्यामुळे ती थकते व गर्भाशयमुखास सूज येण्याचा संभव असतो. अशा वेळी कुशीवर निजवून लहान लहान श्वास घ्यावयास सांगणे हितकर ठरते. दुसरी चूक अधिक भयंकर आहे. ‘लवकर सुटका व्हावी’ म्हणून अप्रशिक्षित व्यक्तीकडून कळा वाढविण्याचे इंजेक्शन देवविले जाते. देखरेखीवाचून दिलेल्या या औषधाने गर्भाशय फाटू शकते व मुलाचा प्राणवायू तुटू शकतो.

गर्भाशयमुख ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, असा दंडक पुष्कळ वर्षे पाळला गेला. अनेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत हा वेग फार जलद ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट केले. केवळ वेग मंद आहे म्हणून शस्त्रक्रियेची घाई करू नये, असा याचा अर्थ. मात्र पुष्कळ रक्तस्राव, पाणमोटेचे हिरवट पाणी, मध्ये विसावाच नसलेली सततची वेदना, ताप, किंवा मुलाचे हृदयस्पंदन मिनिटास ११० ते १६० या मर्यादेबाहेर जाणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसताच डॉक्टरांनी तत्काळ लक्ष घातले पाहिजे.

औषधाखेरीज या काळात सर्वांत उपयोगी पडते ती विश्वासाच्या माणसाची सोबत. १७ देशांतील १५,००० हून अधिक स्त्रियांवरील चाचण्यांचा जो आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांची प्रसूती थोडी लवकर झाली आणि शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी राहिले, असे आढळले. भारत सरकारनेही २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री-नातेवाइकास, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या स्त्रीस, जवळ राहू देण्याचा निर्णय घेतला.

परभाषिक प्रदेशात या सोबतीचे मोल विशेष वाढते. म्हैसूरच्या नजरबादेत राहणारी मराठीभाषक स्त्री शहरातील चेलुवांबा या सरकारी स्त्री-रुग्णालयात गेली, तर तेथील व्यवहार कन्नडमध्ये चालणार. एरवी ती भाषा तिला उत्तम येत असली, तरी कळांच्या त्या कल्लोळात मायबोलीतला शब्दच आधी मनात शिरेल. पाठ चोळणारा हात, पाण्याचा घोट, आणि ‘ही कळ सरली, बाळ आता जवळ आलं’ एवढे तिच्या भाषेतले सांगणे तिला पुढच्या कळेपर्यंत धीर देते. यास्तव गर्भवतीबरोबरच तिच्या आईला, सासूला किंवा जावेलाही या अवस्थेची माहिती सातव्या-आठव्या महिन्यातच करून द्यावी आणि बाळंतपणाच्या वेळी जवळ कोण राहणार, हेही तेव्हाच ठरवून ठेवावे.