ताडपत्रावर रंगवलेले कान्हेरी

शहापूर-मुरबाडकडच्या वाचकांना नाणेघाट नवा नाही. कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडवरून याच वाटेने जुन्नरला चढत असे. घाटात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यातील एक कामवनच्या दामघोष नावाच्या व्यापाऱ्याने दिल्याचा लेख तेथे आहे. अशा दानाला त्या काळी 'देयधम' म्हणत, म्हणजे धर्मासाठी दिलेले दान. कान्हेरीच्या लेण्यांतही हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. तेथे कल्याणच्या एका सोनाराने टाके दिले, तर कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिली. भाता फुंकणाऱ्या माणसाचे नाव जवळजवळ दोन हजार वर्षे दगडावर टिकले आहे!

पुढे बिहार, बंगाल आणि नेपाळमध्ये हेच दान पोथीच्या रूपाने होऊ लागले. 'अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता' हा महायानी ग्रंथ ताडपत्रावर लिहवून घेऊन विहाराला द्यायचा. पान जेमतेम दोन-अडीच इंच रुंद. त्यातच हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा लाल व निळीचा रंग वापरून तथागतांच्या जीवनातील प्रसंग काढलेले. पानांना भोके पाडून दोरी ओवलेली, वर-खाली लाकडी फळ्या. हे काम लोहार-सोनाराच्या ऐपतीतले नव्हते. शेवटच्या पानावर धनवान उपासक-उपासिकांची नावे 'देयधर्म' शब्दासह येतात आणि पुण्य आई-वडील, आचार्य व सर्व प्राणिमात्रांना अर्पण केलेले असते. राजाचे नाव पुष्कळदा केवळ साल सांगण्यापुरते. चित्रकाराचे नाव मात्र सहसा नसतेच. अशा पोथ्या वाचल्या किती गेल्या, हाही प्रश्नच आहे. चंदन-कुंकू लावून पुजलेल्या फळ्या आजही दिसतात. तथागतांनी प्रज्ञा सांगितली आणि लोकांनी तिच्या पोथीलाच गंध लावले!

यातील एक पोथी आपल्या फार जवळची आहे. इ.स. १०१५ मध्ये नेपाळात सुजातभद्र नावाच्या लेखकाने ती लिहिली. तिच्यात ऐंशीहून अधिक चित्रे असून, त्यांतील अनेक निरनिराळ्या देशांतील पूज्य स्थळांची आहेत आणि त्यांच्याजवळ स्थळांची नावेही लिहिली आहेत. त्यात कोकणातील कृष्णगिरीचे चैत्य आहे. कृष्णगिरी म्हणजे आपले कान्हेरी. फ्रेंच पंडित फूशे यांनी १९०० साली ही चित्रे अभ्यासकांपुढे आणली. कान्हेरीची कीर्ती अकराव्या शतकात हिमालयापर्यंत पोचली होती, याला आणखी कसला पुरावा हवा?

पुढे ही पोथी धर्म न मानणाऱ्यांच्या हाती पडली. सुमारे सव्वाशे वर्षांनंतर करुणावज्र नावाच्या बौद्धाने ती सोडवून आणली आणि तशी नोंद पोथीतच करून ठेवली. १८७० नंतरच्या दशकात काठमांडूतील इंग्रज डॉक्टर राइट यांच्यामार्फत ती केंब्रिज विद्यापीठात गेली. आज ती तेथेच आहे. तिच्या पानांची छायाचित्रे आता मोबाईलवरही पाहता येतात.