धाग्याभोवती उभा राहणारा जिना

तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोच्या रोपांना शिवू नये, हात साबणाने धुऊनच रोपवाटिकेत जावे, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. सुकवून, कुटून पुडीत भरलेल्या पानातही तंबाखू मोझॅक विषाणू शाबूत राहतो आणि तळहातावरून कोवळ्या रोपात शिरतो. वर्षानुवर्षे टिकणारा हा कण पेशीत शिरल्यावर मात्र काही मिनिटांत सुटू लागतो. इतके घट्ट गाठोडे इतक्या सहज सुटते कसे? त्यासाठी ते बांधले कसे जाते हे पाहावे लागते.

हा कण म्हणजे ३०० नॅनोमीटर लांबीची, १८ नॅनोमीटर जाडीची पोकळ कांडी. आत आरएनएचा एकच धागा, त्यावर सुमारे ६४०० अक्षरे. भोवती एकाच प्रथिनाच्या सुमारे २१३० प्रती. या प्रती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीच्या वाट्याला बरोबर तीन अक्षरे येतात. धागा मधल्या पोकळीत लोंबकळत नाही, पायऱ्यांच्या सांदीत घट्ट बसतो. त्याची ही जागा रोझालिंड फ्रँकलिन यांनी लंडनच्या बर्कबेक कॉलेजात क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. आपल्याकडे त्यांची कहाणी डीएनएच्या त्या एका छायाचित्रापाशी थांबवतात. आयुष्याची शेवटची पाच वर्षे त्यांनी विषाणूंना दिली, हे राहूनच जाते.

‘प्रथिनांचे आवरण’ हा पाठ्यपुस्तकांतला शब्द मला फसवा वाटतो. त्यातून आधी डबा तयार होतो आणि मग त्यात आरएनए भरला जातो असे चित्र उभे राहते. जिवाणूंवर जगणारे काही विषाणू तसे करतातही. इथे तसे नाही. १९५५मध्ये बर्कलीत फ्रँकेल-कॉनरात आणि विल्यम्स यांनी या विषाणूचे प्रथिन आणि आरएनए वेगळे केले आणि पुन्हा एकत्र मिसळले. परीक्षानळीत कांड्या आपोआप जुळल्या आणि त्या झाडाला रोगही लावू शकल्या. जुळणीची सूचना बाहेरून कोणी देत नव्हते. ती या दोन पदार्थांतच होती.

मग सुरुवात कुठून होते? धाग्याच्या टोकापासून होत असावी, असा सरळ अंदाज होता. १९७७मध्ये स्ट्रासबुर्ग आणि केंब्रिज इथल्या संशोधकांना अर्धवट बांधलेल्या कांडीच्या एकाच टोकाला दोन शेपट्या लोंबताना दिसल्या. म्हणजे आरंभ आतून होत होता. धाग्याच्या शेवटापासून हजारेक अक्षरे अलीकडे एक फास आहे. त्यात दर तिसरे अक्षर ‘जी’ आहे आणि हे अक्षर प्रथिनाला विशेष मानवते. अ‍ॅरन क्लग आणि बटलर यांच्या मांडणीनुसार, सतरा-सतरा प्रतींच्या दुमजली चकतीच्या भोकातून हा फास आत शिरतो, दोन मजल्यांमध्ये अडकतो आणि सपाट चकतीला पीळ बसून ती जिन्याचा पहिला फेरा होते. वर नवी चकती येते. धाग्याची लांब बाजू पोकळीतून वर ओढली जाते, नवा फास तयार होतो आणि जिना चढत जातो. (द्रावणात खरोखर चकत्याच असतात की छोटे पिळाचे तुकडे, यावर वाद आहे.) धागा संपला की जिना थांबतो. फासाचा हा तुकडा परक्या आरएनएला जोडला तर प्रथिन त्यालाही बांधते. कांडीची लांबी मात्र त्या नव्या धाग्याच्या मापाची.

आता सुटण्याकडे. शेजारच्या पायऱ्यांवर काही ऋणभार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलतात. पेशीबाहेर कॅल्शियमचे आयन आणि प्रोटॉन मध्ये बसून हे भांडण दाबून ठेवतात. पेशीत कॅल्शियम अत्यल्प आणि आम्लताही कमी, त्यामुळे ढकलाढकली सुरू होते. आधी ढिले होते ते धाग्याच्या आरंभाचे टोक. तिथल्या पहिल्या सुमारे सत्तर अक्षरांत, अगदी टोकावरची टोपी सोडली, तर एकही ‘जी’ नाही, म्हणून प्रथिनाची पकड तिथेच सर्वांत कच्ची. काही पायऱ्या गळतात आणि उघड्या पडलेल्या धाग्यावर पेशीचाच रायबोसोम चढतो. तो प्रथिन बनवण्यासाठी अक्षरे वाचत पुढे सरकतो आणि वाटेतल्या पायऱ्या एकेक करून पाडत जातो.