घरगुती विकासक : कॉफी, सोडा आणि जालन्याचे पाणी

राहत्या घरात फिल्म धुण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १९१२-१३ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या दादरच्या घरी फिल्म विकसित करण्याच्या कामात सरस्वतीबाई स्वतः सहभागी होत्या. प्रस्तुत लेखात विकासक द्रावणच घरी तयार करण्याच्या प्रयोगाचा विचार केला आहे.

प्रकाश पडलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांवर सुप्त प्रतिमा उमटते आणि विकासकातील क्षपणक त्या कणांचे धातुरूप चांदीत रूपांतर करतो. प्रचलित विकासकांत हे कार्य मेटॉल व हायड्रोक्विनोन करतात. १९९५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे स्कॉट विल्यम्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते इन्स्टंट कॉफीकडून करून घेतले. येथे क्षपणक कॅफीन नसून कॅफीक आम्लासारखी फिनॉलवर्गीय संयुगे असतात आणि ती अल्कधर्मी द्रावणातच कार्यक्षम ठरतात.

एक लिटर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १६ ग्रॅम व इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम हे प्रमाण रूढ असून २० अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटे लागतात. बाजारातील सोडा स्फटिकरूप असल्यास तो सुमारे १४६ ग्रॅम घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांची पहिली चूक बहुधा येथेच होते. खाण्याचा सोडा तर मुळीच चालत नाही. क जीवनसत्त्वासाठी जालन्याची मोसंबी वापरण्याचा मोह होईल; परंतु १६ ग्रॅमसाठी तीसेक लिटर रस लागेल आणि त्यातील सायट्रिक आम्ल सोडाच निष्प्रभ करील!

जालना जिल्ह्यात खरी अडचण पाण्याची आहे. बेसाल्ट खडकातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी बहुधा दुष्फेन असते. सोडा मिसळताच त्यातील कॅल्शियम कार्बोनेटरूपाने खाली बसते, द्रावण गढूळ होते आणि फिल्मवर पांढरे ठिपके राहतात. अशा वेळी दोष कॉफीला दिला जातो. शुद्धीकरण केलेले जारचे पाणी वापरल्यास हा प्रश्न मिटतो. दुसरी बाब तापमानाची. उन्हाळ्यात नळाचे पाणी ३० अंशांच्या पुढे जाते. विकासनाचा वेग वाढून प्रतिमा अतिगडद होते, शिवाय अल्कधर्मी द्रावणात जिलेटीनचा थर मऊ पडतो. द्रावणाचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे. बर्फ द्रावणात टाकू नये.

स्थिरीकरणासाठी मात्र स्वयंपाकघरात पर्याय नाही; तेथे सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपो, विकतच आणावा लागतो. वापरलेल्या हायपोत विरघळलेली चांदी असते. तो मोरीत ओतू नये. लोखंडी तारेचा चोथा त्यात बुडवून ठेवल्यास चांदी वेगळी होते.